कचरा डेपोजवळच्या विहिरीच्या पाण्यातील सूक्ष्मप्लास्टिक कसे काढावे

पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांनी कचरा डेपोचा त्रास अनेक दशके सोसला. डेपोतून झिरपणाऱ्या काळपट पाण्याने तिथल्या विहिरी नासल्या आणि लोकांना टँकरची वाट पाहावी लागली. अशा विहिरीत ५ मिलिमीटरहून लहान प्लास्टिकचे कण, म्हणजेच सूक्ष्मप्लास्टिक, असण्याची शक्यता मोठी असते. मात्र त्याच पाण्यात नायट्रेट, अमोनिया आणि जड धातूही विरघळलेले असू शकतात, आणि ते साध्या गाळणीने निघत नाहीत.

म्हणून पाणी शुद्ध करणारे यंत्र विकत घेण्याआधी पाणी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना देऊन टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण), कठीणपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) व नायट्रेट मोजून घ्यावे, आणि जड धातूंच्या तपासणीची सोय तिथे आहे का, हेही विचारावे. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट किंवा धातू मर्यादेबाहेर असतील, तर ते पाणी प्यायला वापरू नये आणि ग्रामपंचायतीकडे किंवा नगरपरिषदेकडे पर्यायी पाणी लेखी मागावे. तो आपला हक्क आहे.

तपासणी समाधानकारक आली, तर पाण्यात तुरटी बेताने फिरवून ते काही तास निवळू द्यावे, म्हणजे बारीक कण एकमेकांना चिकटून गाळाबरोबर तळाशी बसतात. वरचे पाणी हलक्या हाताने काढून चार पदरी सुती कापडातून गाळावे. पॉलिस्टरचे कापड मुळीच नको, कारण त्याचे तंतू हेच प्लास्टिक असते. कापडाने फक्त जाडसर कण अडतात. त्यापुढे १ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कार्ट्रिज, म्हणजे बदलता येणारी गाळणी, आणि ०.०१ मायक्रॉनच्या आसपास छिद्रे असलेले यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पातळ पडदा, लावावे. टीडीएस जास्त असेल तर आरओ घ्यावे. त्याने विरघळलेले क्षारही बरेच कमी होतात. यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याने केवळ जंतू मरतात, प्लास्टिक तसेच राहते.

यंत्र परवडत नसेल, तर उकळण्याचाही काहीसा उपयोग होतो. चीनमधील संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवले, की कठीण पाणी उकळल्यावर जमणाऱ्या पांढऱ्या क्षारात प्लास्टिकचे बरेच कण अडकतात. मृदू पाण्यात हा परिणाम फार कमी दिसला. उकळलेले पाणी थंड करून, तळचा थर न हलवता सुती कापडातून गाळून घ्यावे. नायट्रेट मात्र उकळून जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते, ही गोष्ट तान्ह्या बाळांच्या घरी विशेष लक्षात ठेवावी.

कार्ट्रिज वेळेवर बदलावे आणि नवे बसवल्यावर पहिले काही लिटर पाणी टाकून द्यावे. आरओमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अडवलेले कण व क्षार साठलेले असतात. ते विहिरीजवळ किंवा शोषखड्ड्यात न सोडता शौचालयासाठी वापरावे.