टेनिसमध्ये आपण नक्की किती पाण्यात? (नवीन लोकांसाठी माझा अनुभव)

मी टेनिस सुरू केलं चौतिसाव्या वर्षी, कोथरूडमध्ये, पाठदुखीवर डॉक्टर म्हणाले काहीतरी खेळा म्हणून. वर्षभर कोचिंग लावलं, कोच बास्केटमधून एकेक बॉल अगदी कमरेच्या उंचीवर फीड करायचे आणि माझा फोरहँड असा काही बसायचा की मला वाटलं आता आपण तयार झालो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बिनधास्त टाकलं, "इंटरमिजिएट प्लेयर, सिंगल्ससाठी पार्टनर हवा."

पहिला रिप्लाय एका काकांचा. वय पासष्टच्या पुढे, गुडघ्याला नी-कॅप, कमरेला खोचलेला नॅपकिन, आणि बॅकहँडला नुसता कट. बॉल पडला की उसळतच नाही, घसरतो, मी वाकेपर्यंत दुसऱ्यांदा टप्पा पडलेला असतो. ६-१, ६-०. जो एक गेम मिळाला त्यातही दोन पॉइंट काकांच्या डबल फॉल्टचे (दोन्ही सर्व्ह चुकल्या की समोरच्याला पॉइंट). नंतर चहा पिताना त्यांनी शांतपणे विचारलं, "इंटरमिजिएट असं कोणी सांगितलं तुला?"

कोणीच सांगितलं नव्हतं, हाच तर मुद्दा. घरी येऊन मग रेटिंग प्रकरण वाचून काढलं.

आधी एक घोळ मिटवू. रँकिंग वेगळं, रेटिंग वेगळं. रँकिंग म्हणजे स्पर्धा खेळून पॉइंट जमवायचे आणि यादीत वर चढायचं, रेटिंग म्हणजे तुमचा खेळ कुठल्या पातळीचा आहे त्याचा आकडा, मग तुम्ही पुण्यात सत्राशेवे का असेना.

हौशी लोकांसाठी सगळ्यात सोपी पद्धत अमेरिकेतली, एनटीआरपी. तिथली टेनिस संघटना यूएसटीए, तिच्या लीगमध्ये ती चालते. तळाला १.५ म्हणजे कालपरवा रॅकेट धरलेला, वरती ७.० म्हणजे जागतिक दर्जाचा, मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्याच्या. आपल्यासारख्यांचा सगळा संसार २.५ ते ४.० मध्येच. २.५ वाला आपल्याच जोडीच्या माणसाबरोबर हळू रॅली करू शकतो. ३.० ला मध्यम वेगाचा बॉल बऱ्यापैकी परत जातो पण सगळे शॉट येत नाहीत आणि जिथे मारायचा तिथे जाईलच याची खात्री नाही. ३.५ ला दिशा येते, खोली (म्हणजे बॉल समोरच्याच्या मागच्या रेषेजवळ पडणं) अजून कमी. ४.० ला मध्यम वेगाच्या बॉलवर फोरहँड-बॅकहँड दोन्हीकडून दिशाही आणि खोलीही. वाचायला सोपं वाटतं, पण यातलं एकही वाक्य तुमच्या सगळ्यात भारी फोरहँडबद्दल नाही! ते आहे तुमच्या रोजच्या, घामेजलेल्या, ४-५ ला मागे असतानाच्या बॉलबद्दल.

दुसरी पद्धत यूटीआर, म्हणजे युनिव्हर्सल टेनिस रेटिंग. इथे तुमचं मत कोणी विचारत नाही, मॅचचे स्कोअर टाकायचे, १ ते १६.५ मध्ये आकडा येतो. गेल्या १२ महिन्यांतल्या जास्तीत जास्त ३० मॅच धरतात, आणि बघतात की समोरचा किती तगडा होता आणि तुम्ही एकूण गेम किती टक्के जिंकलात. म्हणजे भारी माणसाकडून ४-६, ४-६ हरलात तरी आकडा वर जाऊ शकतो आणि कच्च्या माणसाला ७-६, ७-६ हरवलंत तर खालीही येऊ शकतो. मला हे फार आवडलं, ०-५ ला हातपाय गाळायचे नाहीत, एकेक गेम मोजला जातो. आंतरराष्ट्रीय टेनिस संघटनेचं (आयटीएफ) वर्ल्ड टेनिस नंबर पण आहे, तिथे उलटा कारभार, ४० म्हणजे नवशिका आणि १ म्हणजे वरचा.

काही महाभाग मुद्दाम खालचं रेटिंग सांगून कप पटकावतात. तिकडे अमेरिकेत याला सँडबॅगिंग म्हणतात, आणि स्वतःच स्वतःला रेटिंग देऊन लीगमध्ये उतरलेला माणूस फारच वरचढ खेळला तर त्याच्या नावावर स्ट्राइक लागतो, आणि तीन स्ट्राइकनंतर त्याला त्या लेव्हलमधून बाहेर काढतात. आपल्याकडे मात्र उलटा रोग, सगळेच इंटरमिजिएट.

तर स्वतःला आकडा द्यायचाय? फोरहँड विसरा. दहा सेकंड सर्व्ह (पहिली चुकली की मिळते ती दुसरी) टाका, मारून, नुसत्या ढकलून नाही, आणि किती आत पडल्या मोजा. माझ्या चार पडल्या होत्या. मग कोणालातरी सांगा फक्त बॅकहँडला दे. क्लबच्या मार्करबरोबरची (मेंबरांना खेळवायला ठेवलेला माणूस) रॅली अजिबात धरू नका, तो तुमच्या रॅकेटवर बॉल आणून देतो, त्याचं कामच ते. मोबाइल कुंपणाला अडकवून एक सेट शूट करा, बघताना लाज वाटते पण बघा. एवढं करून जे वाटेल त्यातून अर्धा वजा करा. मी तसा ३.० निघालो, तोही मोठ्या मनाने.

आता ग्रुपवर माझा मेसेज असा असतो: "३.० च्या आसपास, सेकंड सर्व्ह चालते, बॅकहँड कच्चा, सकाळी साडेसहानंतर कधीही." याला इंटरमिजिएटवाल्यापेक्षा जास्त रिप्लाय येतात आणि मॅचही ६-४, ५-७ अशा होतात. परवा त्याखाली काकांनी अंगठा दिला आणि लिहिलं, "बॅकहँडचं वेगळं सांगायची गरज नाही, सगळ्यांना माहितीये."