गिटमध्ये फाइलचं नाव बदलताना तिचा इतिहास कसा जपावा

गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्यात फाइलचं नाव बदलणं आणि ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवणं ही दोन्ही कामं एकाच कमांडने होतात. मात्र नाव बदलल्याची नोंद गिट कुठेच ठेवत नाही. सबव्हर्जन, मर्क्युरिअल ही तशीच दुसरी साधनं अशी नोंद ठेवतात. गिट मागाहून अंदाज बांधतं. एक फाइल गेली, दुसरी आली आणि दोघींचा मजकूर किमान ५० टक्के जुळला, की ते नावबदल मानतं. हा अंदाज चुकू न देणं आपल्या हातात आहे.

आधी 'गिट स्टेटस' पाहा आणि अर्धवट बदल असतील तर ते कमिट करून (म्हणजे इतिहासात नोंदवून) मोकळे व्हा. मग 'गिट एमव्ही' पुढे जुनं नाव, त्यापुढे नवं नाव लिहा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.) फाइल हलवायची असेल तर नव्या नावाच्या जागी फोल्डर द्या, पण तो आधी तयार हवा. त्या नावाची फाइल तिथे असेल तर कमांड अडते, आणि अडते तेच बरं.

फाइल मॅनेजरमधून नाव आधीच बदलून टाकलंय? काही बिघडलं नाही. 'गिट ॲड -ए' द्या (इथला 'ए' कॅपिटल), परिणाम तोच.

आता स्टेटसमध्ये 'रीनेम्ड' दिसलं की लगेच कमिट करा. इतर फाइलींमध्ये जुन्या नावाचे उल्लेख असतील तर ते याच कमिटमध्ये दुरुस्त करा, नाहीतर प्रोग्राम चालणार नाही. पण हलवलेल्या फाइलीतली मोठी डागडुजी पुढच्या कमिटसाठी ठेवा. दहा ओळींच्या फाइलीत सहा ओळी बदलल्या तर गिटला ती ओळखू येईलच असं नाही.

फक्त कॅपिटल अक्षराचं स्मॉल करायचं असेल तर विंडोज आणि मॅकवर घोळ होऊ शकतो, कारण तिथे सहसा दोन्ही नावं एकच समजली जातात. आधी तिसरंच नाव द्या, मग हवं ते.

फाइलचं नाव देवनागरीत असेल तर स्टेटसमध्ये अक्षरांऐवजी आकडे आणि तिरप्या रेघा दिसतात. 'कोअर.कोटपाथ' हे सेटिंग 'फॉल्स' केलं की नाव नीट वाचता येतं.

लॉग म्हणजे कमिटची यादी. शेवटी 'गिट लॉग --फॉलो' पुढे नवं नाव देऊन बघा. साधा लॉग नावबदलापाशी थांबतो, हा जुन्या नावाच्या कमिटही दाखवतो. मात्र एका वेळी एकाच फाइलीच्या.