विज्ञानकथावेड्यावर श्रुतिका: दोन जगं कानांना वेगळी कशी ऐकवाल?

विज्ञानकथांच्या कट्टर चाहत्यावर लिहायला बसलं की भिंतीवरची पोस्टरं, पुस्तकांचे ढीग आणि यानांची मॉडेलं आधी सुचतात. श्रुतिकेत यातलं काहीच दिसत नाही, आणि पात्रांनी खोलीचं वर्णन करत बसणं याइतकं कंटाळवाणं दुसरं काही नसतं. वेड ऐकू यायला हवं, म्हणजे हा माणूस साध्या घरात राहतो आणि त्याच वेळी यानातही असतो, हे आवाजातून कळायला हवं.

दोन जगांची ओळख पहिल्या मिनिटातच पक्की करा. घरातले संवाद कोरडे, घुमाराविना. यानातल्या संवादांना थोडा घुमारा (रिव्हर्ब) आणि खाली मंद घरघर. मग एका वाक्यात जग बदलता येतं:

कॅप्टन: (घुमारा, घरघर) ऑक्सिजन चौदा मिनिटांचा उरलाय. झडप बंद करा!
मुलगी: (घरघर झटकन बंद, कोरडा आवाज) बाबा, गॅस बंद केलात का?

इथे घरघर हळूहळू विरवली तर विनोद मेला. ती मुलीच्या पहिल्या अक्षराआधीच तुटायला हवी.

रेकॉर्डिंग मात्र सगळंच कोरडं करा. घुमारा नंतर चढवता येतो. खोलीचा घुमारा एकदा रेकॉर्ड झाला की नीट काढता येत नाही. जाड पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली उत्तम. माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, जरा तिरका, म्हणजे 'प', 'फ', 'भ' फुटत नाहीत. रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची टोकं उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून नुसती खोली अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. संवाद कापल्यावर पडणाऱ्या भोकांत तीच शांतता भरायची.

हेल्मेटमधल्या आवाजासाठी ३०० हर्ट्झच्या खालचे आणि ३,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर इक्वलायझरने कापून टाका. लेझरसाठी सॉफ्टवेअर शोधू नका. स्लिंकी या खेळण्यातल्या लांब, सैल स्प्रिंगचं एक टोक कागदी कपाच्या बुडाला चिकटवा, कप माइकजवळ धरा आणि लोंबत्या टोकावर पेन्सिलीने टिचकी मारा. स्प्रिंगमधून उंच स्वर आधी पोहोचतात, खालचे मागून. म्हणून 'प्यूऽऽ' असा घसरता आवाज येतो. स्प्रिंग टेबलाला टेकली तर नुसतं खट् होईल.

निर्वात अवकाशात मात्र स्फोट ऐकू येत नाही. खरा चाहता ही चूक सोडणार नाही, आणि तुमचं पात्रही सोडणार नाही. स्फोट यानाच्या भिंतीतून, आतल्या हादऱ्यासारखा ऐकवा, किंवा मुलीच्या चुकीच्या वर्णनावर बाबांना वाद घालू द्या. त्या वादात तो माणूस जितका कळेल तितका कुठल्याही भाषणात कळणार नाही. त्याचं हसं मात्र करू नका. बाबा बरोबर असतील आणि घर मात्र त्यांची वाट पाहून वैतागलं असेल, तरच प्रसंग चालतो.

सगळे आवाज एकत्र मिसळून (मिक्स करून) झाल्यावर मोबाइलच्या स्पीकरवर ऐका. घरघर बहुतेक गायब झालेली असेल, कारण छोटा स्पीकर खालचे स्वर देतच नाही. त्यात पंख्याची किंवा स्वयंपाकघरातल्या मिक्सरची मधल्या स्वरांची थोडी भर घाला आणि संवादांखाली ती पुन्हा दाबा.