‘अंथरूण’ या शब्दाचे मूळ कसे शोधावे

शब्दाचे मूळ शोधताना कोश लगेच उघडू नये. तो शब्द बोलण्यात कोणकोणत्या ठिकाणी येतो, ते आधी लिहून काढावे. चटई, सतरंजी, घोंगडी किंवा गादी, यांपैकी जे निजण्यासाठी पसरायचे ते अंथरूण. म्हणजे हे नाव वस्तूच्या कापडावरून किंवा घडणीवरून पडलेले नसून, तिचे आपण जे करतो त्यावरून पडलेले आहे. पुढे ‘अंथरूण धरणे’ म्हणजे आजारी पडणे आणि ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ या म्हणीत अंथरूण म्हणजे ऐपत, हे लाक्षणिक अर्थ त्याच यादीत वेगळे नोंदवावेत, कारण ते मूळ अर्थावर नंतर चढलेले असतात आणि व्युत्पत्ती शोधताना त्यांच्या मागे गेल्यास वाट चुकते.

यानंतर शब्दातील क्रियापद वेगळे काढावे. ‘अंथरणे’ या क्रियापदाशेजारी ‘पांघरणे’ आणि ‘पांघरूण’ ही जोडी ठेवली, की दोन्ही नामे एकाच साच्यात घडली आहेत हे दिसते.

आता ध्वनींचा माग घ्यावा, आणि येथे घाई मुळीच करू नये. संस्कृतातील ‘स्त’ प्राकृतात ‘त्थ’ होतो आणि मराठीत अनेकदा ‘थ’ उरतो: मस्तक, मत्थअ, माथा, पुस्तक, पोत्थअ, पोथी. हाच नियम उलटा चालवला, की ‘अंथरूण’मधील ‘थ’च्या जागी ‘स्त’ येतो आणि प्राकृत ‘अत्थरण’मार्गे आपण संस्कृत ‘आस्तरण’पाशी पोहोचतो. मुळात नसलेला अनुस्वार मध्येच कोठून आला, अशी शंका रास्त आहे. परंतु ‘अश्रु’चे प्राकृतात ‘अंसु’ आणि ‘वक्र’चे ‘वंक’ झाले, तसाच हा प्रकार आहे.

ध्वनी जुळले तरी अर्थ जुळतो का, हे तपासलेच पाहिजे. ‘आस्तरण’ म्हणजे पसरणे आणि पसरलेली वस्तू: बिछाना, गालिचा, यज्ञात पसरलेले दर्भ, इतकेच नव्हे तर हत्तीच्या पाठीवरची झूलसुद्धा. अर्थ नेमका बसतो. धातू आहे ‘स्तृ’, म्हणजे पसरणे, आणि त्याचे कुटुंब पाहण्यासारखे आहे. ‘विस्तार’ त्यातलाच, ‘प्र’ लागून झालेला ‘प्रस्तर’ हा आधी पसरलेल्या गवताचा आणि मग दगडाचा वाचक झाला, म्हणून आपली ‘पथारी’ आणि ‘पाथरवट’ हे शब्द दूरचे नातलग ठरतात. मला स्वतःला या शोधातला हाच भाग सर्वांत आनंदाचा वाटतो.

फारसीतून आलेले ‘बिस्तरा’ आणि कपड्याचे ‘अस्तर’ हेही त्याच प्राचीन धातूचे इराणी शाखेतील वंशज आहेत. मात्र नाते आणि उगम यांत गल्लत करू नये: ‘अंथरूण’ फारसीतून आलेले नाही, दोन्हींचे पूर्वज एक आहेत. तसेच बोलीतील ‘हंतरूण’ ऐकून ‘हात’ या शब्दाशी, किंवा लिपीतील साम्य पाहून ‘अंतर’ या शब्दाशी संबंध जोडू नये. नुसते नादसाम्य हा पुरावा नव्हे.

आता पडताळ्यासाठी कोश उघडावेत. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती जुने अर्थ पाहण्यास उपयोगी पडते, तर कृ. पां. कुलकर्णी यांचा 1946 चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ थेट मुळाकडे नेतो. टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात शब्द संस्कृत रूपाखाली लावलेले असल्यामुळे तेथे ‘आस्तरण’ शोधावे लागते. मोल्सवर्थ आणि टर्नर हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

टिपण लिहिताना मूळ रूपात ‘रू’ दीर्घ आणि सामान्यरूपात ऱ्हस्व ठेवावा: अंथरूण, पण अंथरुणावर. हीच रीत वापरून पुढे ‘उशी’ घ्यावी. शीर्ष म्हणजे डोके, ‘उच्छीर्षक’ म्हणजे डोक्याखाली घ्यायची वस्तू, आणि ‘उशाशी’ या शब्दातही तेच डोके आहे, एवढी खूण सुरुवातीला पुरेशी आहे.