खांदा कानाला चिकटतोय का?

तिरंदाजी शिकताना हौसेने मी ३६ पौंडांचे लिंब घेतले. लिंब म्हणजे धनुष्याची वरची-खालची लवचीक पाती, आणि पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर (आईला अजून वाटतं, लेक लिंबंच घेऊन आली). दोन महिन्यांत उजव्या खांद्याने हात टेकले. फळीवरचा डबा काढताना कळ यायची. म्हणून आधी धनुष्याचे पौंड उतरवा. मी २६ वर आले. लाज वाटली, पण बाण एकमेकांजवळ पडू लागले.

ओढण्याआधीच पुढचा, म्हणजे धनुष्य धरलेल्या हाताचा खांदा खाली बसवा. धनुष्य उचलताना तो कानाकडे सरकला की मग खाली येत नाही. दोरी दंडाच्या जोरावर ओढू नका. मागचं कोपर पाठीकडे वळवा, खांद्यामागचं चपटं हाड मणक्याकडे सरकताना जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर आरशासमोर रबरी पट्टा ओढून बघा. बाणाविना दोरी मात्र कधीच सोडू नका, धनुष्य तडकतं.

हात हनुवटीखाली टेकला की दोन-तीन सेकंदांत बाण सुटावा. थरथर सुरू झाली तर दोरी सावकाश परत आणा. मला हेच सगळ्यांत जड गेलं. ओढलेला बाण न सोडणं म्हणजे हरल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला १८ मीटरवर ३० बाण पुरे. खांद्यात टोचलं की त्या दिवशी भाता बंद, आठवडाभर राहिलं तर डॉक्टर.