बीट पाठवत बसू नका, गाणं पूर्ण करा

पहिल्या तीन वर्षांत मी चारशेच्या आसपास बीट्स (रॅपर ज्यावर शब्द म्हणतो ते संगीत) बनवल्या आणि जवळजवळ सगळ्या अनोळखी रॅपर्सना पाठवल्या. उत्तरं आली सहा. त्यातून एकही गाणं झालं नाही. चौथ्या वर्षी माझ्यासारखाच कुणाला माहीत नसलेला एक रॅपर भेटला. आम्ही पाच महिन्यांत सात गाणी पूर्ण केली, आणि पुढे मिळालेलं बहुतेक काम ती सात गाणी ऐकलेल्यांकडूनच आलं. म्हणून हिप-हॉप प्रोड्युसर म्हणून या क्षेत्रात शिरायचं कसं, असं कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते: बीट्सचा साठा वाढवू नका. एक माणूस शोधा आणि त्याच्याबरोबर गाणी शेवटपर्यंत न्या.

हे काम मुळातच समोरच्या माणसाकडे बघून सुरू झालं. १९७३ साली ब्रॉन्क्समध्ये पार्ट्या करणाऱ्या डीजे कूल हर्कच्या लक्षात आलं की नाचणारे रेकॉर्डमधल्या एका छोट्या तुकड्याची, ब्रेकची, वाट बघत थांबतात. मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून तेवढाच तुकडा लांबवू लागला. तुमच्यासमोर नाचणारे नसतील, पण माइकसमोर कुणीतरी उभं राहणार आहे. बीट त्याच्यासाठी असते.

माझ्या सुरुवातीच्या बीट्स नुसत्या ऐकायला छान होत्या, हाच त्यांचा दोष होता. सगळीकडे सूर भरलेले, आवाजाला जागाच नाही. आता लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, तयार झाला की मी फोनवर स्वतःचा आवाज त्यावर रेकॉर्ड करते. शब्द काहीही असोत, आकडे मोजले तरी चालतं. बोललेलं ऐकू येत नसेल तर मी आवाज वाढवत नाही, बीटमधलं काहीतरी काढते. शब्दांची स्पष्टता साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात असते आणि नेमकी तिथेच आपण पियानो, सिंथ, बासरी असं सगळं कोंबतो. एक वाद्य बंद करा किंवा त्याला खालच्या सप्तकात न्या. ८०८चा, म्हणजे रोलँडच्या ड्रम मशीनमधून आलेल्या खोल ठोक्याचा, खर्ज गाण्याच्या पट्टीत आहे ना, हेही तपासा. लहान स्पीकरवर ही चूक लपते, मोठ्यावर अंगावर येते. आणि वर्सच्या, म्हणजे कडव्याच्या, सोळा बारमध्ये (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन) ठेका एकसारखा ठेवू नका. हुक (पुन्हा पुन्हा येणारं धृपद) येण्याआधी एक बार किक (ड्रमचा खालचा ठोका) काढून टाकली तरी रॅपरला श्वास घ्यायला आणि ओळ ठासून म्हणायला जागा मिळते.

साधनांवर मी फार बोलत नाही. रोलँडचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन १९८० मध्ये आलं आणि १९८३ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. पुढे सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात मिळू लागलं आणि हिप-हॉपने त्याला आपलंसं केलं. तुमच्याकडे जे सॉफ्टवेअर आहे तेच नीट शिका.

आता तो माणूस शोधायचा कसा? ज्याचे लाखो श्रोते आहेत त्याच्या मागे लागू नका. गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्याने स्वतःच्या हिमतीवर गाणी काढली आहेत, असा शोधा. काम संपवायची सवय त्याला आहे, हे त्यातून कळतं. त्याची गाणी खरोखर ऐका. त्याचा आवाज कोणत्या लयीत खुलतो, तो ओळ मात्रेच्या आधी टाकतो की मागे रेलून टाकतो, हे टिपा आणि त्यावर दोन ओळी लिहा. सोबत तीनच बीट्स पाठवा, खास त्याच्यासाठी निवडलेल्या. वीस बीट्सचं फोल्डर उघडायला कुणाकडे वेळ नसतो.

आणि आवाज रेकॉर्ड करायला शिका. माझ्यासाठी दार यानेच उघडलं. खोलीतला पंखा बंद करणं, माइकसमोर पॉप फिल्टर (‘प’, ‘ब’चा फुसकारा अडवणारी जाळी) लावणं, सगळ्यात मोठी ओळही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही एवढा गेन (माइकची रेकॉर्डिंग पातळी) ठेवणं, चांगला टेक (एका वेळचं रेकॉर्डिंग) कोणता ते ओळखणं, हे येत असेल तर रॅपर तुमच्याकडे पुन्हा येतो. बीट पाठवणारे खूप असतात. तिसऱ्या टेकनंतर ‘दुसरी ओळ पुन्हा घे, शेवटचा शब्द गिळलास’ असं सांगणारं माणूस क्वचित भेटतं.

फाइल्स नीट द्या. नावात बीटचं नाव, बीपीएम (मिनिटाला किती ठोके), पट्टी आणि तुमचं नाव असू द्या. स्टेम्स (प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक) २४ बिट वेव्ह फाइलमध्ये द्या. सगळे ट्रॅक एकाच बिंदूपासून सुरू व्हावेत, किक आणि ८०८ वेगळे असावेत, सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मुख्य ट्रॅकवर लिमिटर (आवाज ठरावीक पातळीवर रोखणारं साधन) नसावा.

कागदाकडे मी दुर्लक्ष केलं होतं. पाचव्या वर्षी माझ्या बीटवरचं एक गाणं बरंच चाललं. माझं नाव कुठेच नव्हतं. सगळं तोंडी ठरलेलं, त्यामुळे दाखवायला काही नव्हतं. दीड वर्ष मागे लागल्यावर नाव लागलं, पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून गाणं रेकॉर्ड झालं त्याच दिवशी स्प्लिट शीट (कुणाचा किती वाटा ते लिहिलेलं पान) भरते. प्रत्येकाचं कायदेशीर नाव, रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेतला नोंदणी क्रमांक, टक्केवारी, तारीख, सह्या. एक पान पुरतं. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, हे पक्कं लक्षात ठेवा: एक रचनेचा, दुसरा रेकॉर्डिंगचा, ज्याला मास्टर म्हणतात. हिप-हॉपमध्ये रचनेचा निम्मा वाटा संगीताला आणि निम्मा शब्दांना, असा रिवाज आहे. तो कायदा नव्हे, म्हणूनच लिहून घ्यायचा. मास्टरमधला वाटा वेगळा ठरतो.

बीट ऑनलाइन विकताना लीज आणि एक्सक्लुझिव्ह यांतला फरक समजून घ्या. लीजमध्ये हक्क तुमच्याकडे राहतात आणि तीच बीट इतरांनाही देता येते; एक्सक्लुझिव्हमध्ये ती पुढे दुसऱ्या कुणाला देता येत नाही. नेदरलँड्सच्या यंगकिओ या प्रोड्युसरने ऑनलाइन टाकलेली एक बीट लिल नॅस एक्स या रॅपरने ३० डॉलरला लीजवर घेतली. त्यातून ‘ओल्ड टाउन रोड’ हे गाणं झालं आणि २०१९ मध्ये ते बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या गाण्यांच्या यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या बँडचं सॅम्पल (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा) होतं आणि त्याची परवानगी नंतर घ्यावी लागली. मूळ रचनाकारांची नावंही श्रेयात आली.

तुमच्या बीटमध्ये सॅम्पल असेल तर पाठवतानाच सांगा. १९९१ साली बिझ मार्की या रॅपरच्या एका गाण्याबद्दल न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विरुद्ध निकाल दिला आणि परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं धोक्याचं झालं. परवानगीही दोन लागतात, रचनेची आणि मास्टरची. तोच तुकडा स्वतः वाजवून पुन्हा रेकॉर्ड केला तर मास्टरची लागत नाही, रचनेची मात्र लागतेच. मी आता सुरावटी स्वतःच वाजवते. हात कच्चा होता तेव्हाही वाजवायचे, आणि त्या कच्च्या हाताचीच चाल लोकांना लक्षात राहिली.

लेबलचा करार हातात आला की तीन गोष्टी आधी शोधा. आगाऊ रक्कम तुमच्या रॉयल्टीतून वळती होणार आहे का, ‘वर्क फॉर हायर’ (म्हणजे हक्क काम करवून घेणाऱ्याचे) हे शब्द कुठे आहेत का, आणि तुमचं नाव श्रेयात कसं छापलं जाईल. ‘आज रात्रीच सही हवी’ असं कुणी म्हटलं, तरी दोन दिवस मागून घ्या आणि संगीताचे करार हाताळणाऱ्या वकिलाला ते पान दाखवा.