डोंग्यासाठी स्वस्तातला फिश फाइंडर घेताय? या चुका टाळा

मोटर वाइंडिंग आणि बॅटरीच्या दुकानात फिश फाइंडरचं, म्हणजे पाण्याखालचे मासे आणि तळ पडद्यावर दाखवणाऱ्या मशीनचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण येतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी फुगत गेलं तसे पवनीकडचे डोंगेवाले खोल पाण्यात जाळं टाकू लागले. घरातल्या पोट्ट्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि ऑनलाइन मशीन मागवल्या. मग एक दिवस पिशवीतून मशीन निघते आणि माझ्या टेबलावर येते. तक्रारी दोनच. "मासेच दाखवत नाही जी," नाहीतर, "मासेच मासे दाखवते जी, पर जाळ्यात काही येत नाही."

बहुतेक वेळा मशीन ठणठणीत असते. चुका त्याच त्या असतात आणि त्याच त्या समजावून माझं तोंड दुखलं आहे. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मामा तलावासाठी मशीन घेणं

घेऊच नका. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरचे माजी मालगुजारी तलाव भाताच्या पाण्यासाठी बांधलेले, उथळ. उन्हाळ्यात निम्म्या तलावात पुरुषभरही पाणी उरत नाही. स्वस्त मशीनला अर्ध्या-पाऊण मीटरच्या आतलं नीट वाचता येत नाही. वरून गवत आणि कमळाचे देठ, त्यामुळे पडदा नुसता भरून जातो. मरळ तर त्या गवतातच बसते. हात-हात अंतरावर खुणा केलेला बांबू घ्या, पैसे वाचवा.

माशाच्या चित्रावर विश्वास ठेवणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि हिच्यापायी माणसं जाळी फाडून घेतात.

मशीन काय करते ते आधी समजून घ्या. सेन्सर पाण्यात आवाज सोडतो आणि परत आलेला आवाज मोजतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १४८० मीटर जातो, त्या हिशेबाने खोली निघते. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्यावरून आवाज चांगला उलटतो, म्हणून मासा दिसतो. पण आवाज बाभळीच्या फांदीवरूनही उलटतो, तळाच्या चिखलातून उठणाऱ्या बुडबुड्यांवरूनही उलटतो, पाण्यात अधांतरी तरंगणाऱ्या पिशवीवरूनही उलटतो. "फिश आयडी" नावाची सोय चालू असली की मशीन यातल्या कशालाही माशाचं गोंडस चित्र लावून मोकळी होते. छोटा मासा, मोठा मासा, वर खोलीचा आकडा. नवशिक्याला आणखी काय पाहिजे?

आमच्या भागातल्या दोन भावांनी असंच केलं. नवी मशीन, पहिलाच आठवडा. बॅकवॉटरमध्ये एका ठिकाणी पडद्यावर माशांची रांगच लागली. त्यांनी त्या रांगेवर तंगुसाचं नवंकोरं जाळं लांबवर सोडलं आणि सकाळी काढायला गेले तर जाळं हलेना. ओढून ओढून निम्मं वर आलं, निम्मं खालीच राहिलं. वर आलेल्या जाळ्यात मासे चार, बाकी काटे आणि सडकी साल. मग दोघं मशीन घेऊन माझ्याकडे. बिघडली म्हणे.

मी म्हटलं, चला, पाण्यावरच पाहू. त्यांचे काकाही डोंग्यात बसले. जागेवर गेल्यावर मी आधी फिश आयडी बंद केलं. त्याबरोबर मासे गायब, आणि तळापासून वर उठलेल्या उभ्या जाड रेघा दिसायला लागल्या. तळाला चिकटलेल्या, वर फाटे फुटलेल्या. डोंगा वळवून त्याच वाटेने परत आणला, पुन्हा त्याच रेघा, त्याच जागी, जवळपास सारख्या अंतरावर. मासे काय कवायत करतात? काका बराच वेळ पडद्याकडे पाहत होते. मग काठाकडे पाहिलं, टेकडीचा अंदाज घेतला आणि म्हणाले, "हा आपल्याच वावराचा धुरा होय बाप्पा. धुऱ्यावरच्या बाभळी आहेत ह्या." धुरा म्हणजे शेताचा बांध.

पोरांचा जन्मच पाणी भरल्यानंतरच्या गडबडीतला, त्यांना काय ठाऊक. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ सालचं. पाणी टप्प्याटप्प्याने चढत गेलं आणि वावरं, धुरे, विहिरी, झाडं जशीच्या तशी खाली राहिली. मशीन त्यांना तेच दाखवत होती, अगदी इमानदारीने. मासा म्हणून दाखवायला तिला यांनीच सांगितलं होतं.

माझी सवय सांगतो. मशीन हातात आली की पहिल्यांदा फिश आयडी बंद. मासा असेल तर कमान किंवा तिरपी रेघ दिसते, आणि ती तळापासून सुटी असते. शंका आली की त्याच जागेवरून उलट दिशेने पुन्हा जायचं. दुसऱ्या खेपेलाही तिथेच, तशीच खूण दिसली तर ते झाड किंवा खडक समजायचं आणि जाळं बाजूला टाकायचं. खरं सांगायचं तर जाळेवाल्याला या मशीनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. जाळं कुठे अडकेल ते कळतं, जुन्या नदीचं पात्र कुठून जातं ते कळतं. तळ रेतीचा किंवा खडकाळ असेल तर रेघ ठळक येते आणि बरोबर दुप्पट खोलीवर तिची दुसरी सावली पडते; गाळ असेल तर रेघ फिकट, पसरलेली. वैनगंगेचं जुनं पात्र असं दहा मिनिटांत सापडतं. मासा कुठे असेल हे त्यावरून तुम्ही ओळखायचं. ज्याला एवढी कळ काढायची नाही त्याने मशीनवर पैसे घालू नयेत, बाजारातून मासा विकत आणावा, तो स्वस्त पडेल.

पडद्याला आरसा समजणं

पडद्यावर जे दिसतं ते सगळं आत्ताचं नसतं. फक्त उजव्या कडेची उभी पट्टी आत्ताची. डावीकडे सरकलेलं सगळं मागे पडलेलं आहे. पोट्टे पडद्याच्या मधोमध मासा पाहतात आणि डोंग्याच्या पुढे फेकजाळं मारतात. डोंगा जागेवर उभा असेल तर एकच मासा खाली रेंगाळला तरी लांबच लांब रेघ येते. ती पाहून "भल्ला मोठा आहे" म्हणून नाचू नका.

आणि खाली किती दिसतं त्याचाही हिशेब ठेवा. सेन्सरचा आवाज खाली शंकूसारखा पसरत जातो, त्या पसरण्याचा हा कोन. २० अंशाच्या कोनात १० मीटर खोलीवर जेमतेम साडेतीन मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं, ३ मीटरवर एखाद्या मीटरचं. ६० अंशाच्या कोनात १० मीटरवर साडेअकरा मीटर. म्हणजे उथळ पाण्यात अरुंद कोन घेतला तर भाताच्या ढोल्याएवढी जागा पाहताय, बाकी तलाव तुम्हाला दिसतच नाही. कतला वरच्या पाण्यात फिरतो, तिथे कोन निमुळता, शिवाय डोंग्याच्या चाहुलीने तो बाजूला होतो. कतला दिसत नाही म्हणून कतला नाही, असं होत नाही. मृगळ तळाला चिकटून चरतो, तोही तळाच्या रेघेत मिसळून जातो. त्यातल्या त्यात मधल्या पाण्यातला रोहू नीट सापडतो.

म्हणून दोन कोनांचा सेन्सर घ्या, एक २०० किलोहर्ट्झचा अरुंद आणि एक ७७ किंवा ८३ किलोहर्ट्झचा रुंद. "६०० मीटर खोलीपर्यंत" असल्या जाहिरातीला भुलू नका. आपल्या कुठल्या धरणात एवढं पाणी आहे?

सेन्सर डोंग्याच्या बुडाला ठोकणं

व्हिडिओतल्या बोटी फायबरच्या असतात, मागे इंजिन, पाण्यातच बांधलेल्या. आपला डोंगा लाकडाचा किंवा पत्र्याचा, आणि संध्याकाळी तो काठावर ओढून ठेवतात. बुडाला ठोकलेला सेन्सर पहिल्याच आठवड्यात दगडावर घासून जातो. दुसरे हुशार तो डोंग्याच्या आतून चिकटवतात. भरीव फायबरमधून आवाज थोडा कमी होऊन का होईना जातो. लाकडातून, पत्र्यातून नाही जात. थर्माकोलच्या तराफ्यातून तर विषयच सोडा.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच उपाय करून देतो. मनगटाएवढा सरळ बांबू, खालच्या टोकाला पट्टी बसवून त्यावर सेन्सर, आणि बांबू डोंग्याच्या बाजूला सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्यांनी आवळलेला. ट्यूब का, तर खाली बुंध्याला धडकला तर बांबू मागे सरकतो, सेन्सर तुटत नाही. सेन्सरचं तोंड सपाट, बरोबर खाली, वीतभर पाण्यात. वल्हं ज्या बाजूला चालतं त्याच्या दुसऱ्या बाजूला बांधा, नाहीतर वल्ह्याचे बुडबुडे मोजत बसाल. मोटर असेल तर पंख्यापासून लांब. पाण्यात सोडण्याआधी सेन्सरच्या तोंडावर साबणाचा ओला हात फिरवतो मी. त्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटत नाहीत.

आणि वायर लांब आहे म्हणून कापू नका! ती साधी वायर नाही. आत बारीक तार, तिच्यावर जाळीचं आवरण, त्या आवरणामुळेच बाहेरची खरखर आत येत नाही. कापून, पिळून, काळी टेप गुंडाळून आणलेल्या वायरी पाहिल्या की डोकं फिरतं माझं. उरलेली वायर गुंडाळून बांधा, संपलं.

बॅटरीचा जुगाड

आपल्याकडे घरोघरी फवारणीचा बॅटरी पंप आहे. त्यातली १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासाची बॅटरी उत्तम चालते. चार-पाच इंची पडद्याला साधारण अर्धा अँपिअर धरा. लेडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही असं ठरवलं तरी आठेक तास आरामात मिळतात. फवारणीच्या दिवसांत मात्र घरच्यांना विचारून काढा.

सोलर प्लेट मशीनला थेट जोडू नका. १२ व्होल्टची म्हणून विकतात ती प्लेट उन्हात भार नसताना २० व्होल्टच्या वर जाते. मध्ये बॅटरी आणि चार्ज कंट्रोलर पाहिजेच. ई-रिक्षाच्या ४८ व्होल्टच्या जोडीला लावलेली मशीनही आली होती माझ्याकडे. तिच्याबद्दल काय बोलणार. लाल वायरीत पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज टाका, बहुतेक छोट्या मशीनला ३ अँपिअरचा असतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळवणाऱ्याने माझ्या दुकानात येऊ नये.

किरकोळ, पण रोजच्या

बादलीत सेन्सर बुडवून "चालत नाही" म्हणू नका. बादलीत कुठलीच मशीन चालत नाही.

दुकानात पडद्यावर पोहणारे मासे डेमोचे असतात. काही जण धरणावरही डेमोच चालू ठेवतात. सेन्सर पाण्याबाहेर काढा; तरी मासे पोहत असतील तर समजून घ्या.

पाण्याचा प्रकार गोडं पाणी असा लावा, समुद्राचा ठेवला तर खोली थोडी चुकते. मोजमाप मीटरमध्ये करा.

संवेदनशीलता पूर्ण वाढवली की मासे वाढत नाहीत, ठिपके वाढतात. ठिपके दिसेपर्यंत वाढवा, मग जरा खाली या. पावसाळ्यातल्या गढूळ लोंढ्यात मशीन घरीच ठेवा.

मोबाइलवर चालणारा, पाण्यात फेकायचा गोळा काठावरून गळ टाकणाऱ्याला बरा. डोंग्यावर मे महिन्यात मोबाइल तापतो, पडदा काळवंडतो, आणि गोळा एखाद्या बुंध्यात अडकला की दोरीसकट गेला.

मग घ्यायची कुठली?

पैसे कमी असतील तर पडद्याचा आकार सोडा, खालचं फोटोसारखं चित्र दाखवणारी सोय सोडा, पण रंगीत पडदा आणि जीपीएस सोडू नका. जीपीएसमध्ये एकेका बुंध्याची खूण करून ठेवता येते, पुढच्या हंगामात जाळं वाचतं. गार्मिनच्या स्ट्रायकर ४ सारख्या छोट्या मशीनला नकाशा नसतो, खुणा ठेवता येतात. आपल्याला तेवढं पुरे. तेही परवडत नसेल तर वायरचा तरंगता सेन्सर असलेली हातातली साधी मशीन घ्या, खोली आणि तळ तीही सांगते, आणि बुंध्यांच्या खुणा मोबाइलच्या नकाशावर ठेवा.

जुनी मशीन घेताना सेन्सरशिवाय घेऊ नका, "सेन्सर कुठलाही बसतो" म्हणणाऱ्याकडून तर नकोच. प्लग बसला तरी मशीनला तो कळेलच असं नाही. नवी घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. या मॉडेलचा सेन्सर सुटा मिळतो का आणि कितीला, हे विचारा. तो फोन लावून चौकशी करायला लागला तर बसा, चहा घ्या. हसून "लागतच नाही जी" म्हणाला तर दुसरं दुकान पाहा.